एका नळाची माणसं

साहेब, तुम्ही सात बिऱ्हाडं कोंडलीत ती एका मेलेल्या माणसाच्या नावावर. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि हे तुम्हाला माहीत होतं, कारण मी तुमच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही पेनाचं टोपण दातात धरून फोनवर बोलत होता. आता मला कोणी सांगितलंच नाही, असं म्हणू नका.

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे तुम्हाला तो शोधत बसायला नको.

मी पाणीखात्यात एकोणीस वर्षं मीटर वाचतोय. लोक गल्ली ओळखतात दुकानांवरून, मी ओळखतो नळांवरून. कुठल्या जोडणीवर किती बिऱ्हाडं, कुणाचा मीटर जिन्याखाली, कोण मीटरच्या तोंडाशी मुद्दाम कुत्रं बांधून ठेवतो, सगळं माझ्या वहीत आणि वहीपेक्षा डोक्यात. आमच्या खात्यात माणसाला माणूस म्हणून मोजत नाहीत. त्याला विचारतात, कुठल्या नळाचा? एका जोडणीवर पाणी भरणारे ते सगळे 'एका नळाची माणसं'. त्यांची दारं वेगळी असोत, तोंडं वेगळी असोत, आपसात बोलणं नसो. बिल एक, की संपलं.

साथ आली तेव्हा आरोग्य खात्याकडे ना माणसं होती ना याद्या. प्रत्येक गल्लीची, प्रत्येक दाराची वही फक्त आमच्याकडे. मग ते काम आमच्या गळ्यात पडलं. एकेका मीटरवाल्याला खांद्याची पिशवी, खळीचा डबा, लाल टेपचं भेंडोळं आणि मनगटावर मारायचा शिक्का दिला. नळ तोडण्याच्या नोटिसा चिकटवण्यात आमचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हात सराईत होते. कागद कुठं लावला म्हणजे फाडायला अवघड जातो हे आम्हाला शिकवावं लागलं नाही.

शुक्रवारी दुपारी तुम्ही मला आत बोलावलंत.

"तो मागच्या गल्लीतला रंगारी. रिपोर्ट आलाय त्याचा. किती बिऱ्हाडं लागतील बंद करायला?"

मी वही उघडली. एकोणीस वर्षांची सवय. बोट आपोआप जोडणी क्रमांकावर गेलं.

"एका नळावर सात आहेत, साहेब."

"मग सात."

कारकूनबाईंनी सात टाइप केलं. प्रिंटर खरखरला. तुम्ही सही केलीत. सगळं मिळून एक कप चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला नसेल.

हा माझा गुन्हा. मला विचारायचं होतं की रंगारी कुणाबरोबर उठतो, कुणाबरोबर बसतो, कुणाच्या ताटात जेवतो. मी सांगितलं त्याचं पाणी कुठून येतं.

बाहेर व्हरांड्यात आलो, कागद हातात, आणि तेव्हा कुठं डोक्यात दिवा लागला. त्या इमारतीत रंगाऱ्यासकट तीन बिऱ्हाडांची दारं मागच्या गल्लीत उघडतात. उरलेली चार पुढे, मोठ्या रस्त्यावर, दुकानाच्या वर. जिना वेगळा, संडास वेगळा. मध्ये आडवी भिंत, तिला दार नाही की खिडकी नाही. भिंतीतून जातो फक्त पाण्याचा पाइप. आणि पुढच्या चारांपैकी दुसऱ्या मजल्यावर डावीकडे माझी बहीण राहते. तिनं त्या रंगाऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही.

मी आल्या पावली परत फिरलो.

"साहेब, चुकलं माझं. रंगाऱ्याचं दार मागं आहे. पुढच्या चौघांचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"टाकी?"

"टाकी एकच."

"मग?"

"टाकीत जाऊन कोण खोकतंय, साहेब?"

कारकूनबाईंना हसू आलं, ते त्यांनी मास्कमध्ये गिळलं. तुम्हाला नाही आलं.

"सही झालीय. आता बदल करायचा तर वर प्रस्ताव पाठवावा लागेल. साथ चालू आहे, इथं लग्नाच्या याद्या करत नाही आपण."

"आणि ह्यावर नाव पडलंय मालकाचं. म्हातारा अकरा वर्षांपूर्वी गेला."

"बिल येतं ना त्याच्या नावावर?"

"येतं."

"मग आहे तो."

एवढं बोलून तुम्ही फोन उचललात. टोपण तेव्हा दातात गेलं.

शनिवारी सकाळी मी ताईच्या दाराशी गेलो. ती दाराशेजारच्या खिडकीजवळ मशीनवर बसली होती. पडदे शिवते ती, दुकानांना देते. मांडीवर हिरव्या कापडाचा ढीग, तोंडात टाचण्या. मला पाहून टाचण्या काढल्या.

"काय रे बारक्या, नळ तोडायला आलास का?"

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस गेलेत, पण तिच्या लेखी अजून बारक्याच.

"दार उघडू नकोस ताई. खिडकीतूनच बोल."

मी कागद आत दिला. तिनं तो वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला.

"ह्यात माझं नाव कुठाय?"

"नाही. मालकाचं आहे."

"मग त्याला कोंड."

"तो वर गेला ना."

"मग हाक मार, म्हणावं खाली ये, तुझ्या नावानं पत्र आलंय." हसली, आणि हसता हसता थांबली. "किती दिवस?"

"चौदा."

तिनं बोटांवर मोजलं. मी वाटेतच मोजून आलो होतो. गुरुवार सहावा दिवस येत होता.

"गुरुवारी कोर्ट आहे, बारक्या."

हे कोर्ट काय ते सांगतो. ताई दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली. का आली ते तिच्या डाव्या कानाला विचारा, त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. बरोबर लेक होती, ठमी. आता आठ वर्षांची आहे. दाजी गाड्यांच्या बॅटऱ्या विकतात, त्यांना दोन वर्षं पोरीची आठवण आली नाही. ताईनं पोटगी मागितली आणि त्यांना अचानक लेकीचा उमाळा आला. त्यांनी ताबा मागितला. गुरुवारी न्यायाधीश ताईला स्वतः विचारणार होत्या. वकीलबाईंनी तीनतीनदा बजावलं होतं, बाकी काही चुकलं तरी चालेल, हजेरी चुकायला नको. तुम्ही नसलात तर एकतर्फी होईल.

ठमीनं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला.

"मामा, मला पण मार ना शिक्का."

पाच वर्षांवरच्या सगळ्यांना शिक्का मारायचा हुकूम होता. मी मारला. जांभळी शाई, वर 'घरातच राहा', खाली तारीख.

"शिक्का आहे तोवर बाहेर जायचं नाही हां."

"आईच्यापेक्षा माझा छान उठलाय," ती म्हणाली.

जिन्याच्या तळाशी कठड्यापासून पाइपापर्यंत मी लाल टेप बांधली. शेजारी खुर्ची टाकून हवालदार बसला. माणूस वाईट नव्हता. गुडघेदुखीचा, निवृत्तीला आलेला. सकाळ-संध्याकाळ तो खालून आवाज द्यायचा, लोक खिडकीत येऊन तोंड दाखवायचे, तो वहीत आकडा लिहायचा. "दुसरा मजला डावं!" ताई आणि ठमी खिडकीत. "दोन." वहीत दोन. नाव नाही. नाव लिहायला रकानाच नव्हता.

सोमवारी मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाबरू नका. एक ओळीचा दाखला आणा. अमुक बाई अमुक तारखेपासून विलगीकरणात आहेत. बस. पुढची तारीख मागून घेते."

एक ओळ. मी खिडकीवर गेलो. आपल्याच ऑफिसात, पण रांगेच्या ह्या बाजूला.

"दाखला ज्याच्या नावे आदेश त्यालाच मिळतो," कारकूनबाई म्हणाल्या.

"तो मेलाय."

"मग वारसानं यायचं. जोडणी नावावर करून घ्यायची, मग अर्ज. तीस दिवस लागतात."

"विलगीकरण चौदा दिवसांचं आहे, बाई."

त्यांनी खरोखर विचार केला. "मग तोवर दाखल्याची गरजच उरणार नाही ना."

चेष्टा करत नव्हत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "मला नका बोलू हो. साहेबांना भेटा." म्हणून मंगळवारी तुम्हाला भेटलो. तुम्ही काय म्हणालात ते मी पाठ केलंय: "आदेश जागेला असतो, माणसाला नसतो. एकाचं नाव घातलं तर उद्या सगळे येतील."

बरोबर. कोंडलेली माणसं दाखला मागायला येणार कशी, ते मात्र तुम्ही बोलला नाहीत.

बुधवारी मी ताईच्या खिडकीशी उभा राहून तिला हळूच सांगितलं, "माझ्याकडे कोरे फॉर्म आहेत. शिक्का आहे. तुझं नाव मी घालतो. कोण बघतंय?"

"आणि पकडलं तर?"

"नोकरी जाईल माझी. बघू."

"तुझी नोकरी गेली तर मी तुला पोसेन रे. पण त्याचा वकील उभा राहून म्हणेल, आई खोटे कागद करते. मग?" तिनं पडद्याचा दोरा दातानं तोडला. "नको."

"मग सरळ निघून ये. हवालदाराला मी बोलण्यात गुंतवतो."

"म्हणजे आई पोरीला घेऊन साथीतनं पळाली. बारक्या, तू त्याच्याकडनं आहेस की माझ्याकडनं?"

तिनं कायदा पाळला, साहेब. तुमच्या अख्ख्या वॉर्डात एवढा नीट कुणी पाळला नसेल. दुधाची पिशवीसुद्धा हवालदारानं दोरीला बांधून दिली की ती पुसून आत घ्यायची.

गुरुवारी कोर्टात मी गेलो. माझ्याकडे पास होता, मी रोज टेपच्या आतबाहेर करणारा माणूस. दाजी पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट, केस नुकतेच कापलेले. वकीलबाईंनी तुमचा आदेश पुढं केला. दाजींच्या वकिलानं तो बोटांच्या टोकांत धरला, जणू त्यालाच लागण झालीय.

"बाईंचं नाव दाखवा ह्यात."

न्यायाधीशबाईंनी कागद घेतला. वाचला. उलटा करून मागची बाजूही पाहिली. त्यांनी शोधलं, हे मी कबूल करतो.

"भाडेकरार?"

करार तोंडी होता. वकीलबाईंनी ताईच्या मनगटाचा फोटो दाखवला. समोरचा वकील म्हणाला, "असा शिक्का कुठल्याही दुकानात बनवून मिळतो."

माझ्यानं राहवेना. मी उभा राहिलो, पिशवीतून शिक्का काढून दाखवला. "हा बघा. मी मारलाय. माझ्या हातानं मारलाय."

"आपण कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मीटर वाचतो."

"विलगीकरणाशी आपला संबंध?"

"पाणीखात्यातून आलोय."

"बाईंचे कोण?"

"भाऊ."

दाजींच्या वकिलाला पुढं काही बोलायची गरज पडली नाही. तो नुसता खाली बसला आणि पायावर पाय टाकला. बाई गैरहजर, पुरावा समाधानकारक नाही, मुलगी पुढच्या तारखेपर्यंत वडिलांकडे. पुढची तारीख आठ आठवड्यांनी.

इथवर तुमचा संबंध नाही, असं तुम्ही म्हणू शकता. कोर्टाचं कोर्टानं केलं. आता शनिवारचं ऐका.

शनिवारी सकाळी दाजी आले, बरोबर कोर्टाचा बेलीफ. मी तिथंच होतो, भाजीची पिशवी वर पाठवत होतो. हवालदारानं नुकतीच मोजणी केली होती, दुसरा मजला डावं, दोन. बेलीफानं कागद दाखवला. हवालदार खुर्चीतून उठला, गुडघा धरून.

"मुलगी आतली आहे हो. आठवा दिवस आहे. हातावर शिक्का आहे तिच्या. कशी सोडू?"

त्यानं तुम्हाला फोन लावला आणि कानाला लावायच्या ऐवजी स्पीकरवर टाकला, कारण त्याला एकट्याला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून आम्ही चौघांनी ऐकलं. वर खिडकीतून ताईनंही ऐकलं असेल, उजव्या कानानं.

तुम्ही म्हणालात, "आदेशात तिचं नाव आहे का?"

"नाही साहेब."

"मग अडवणार कशाच्या आधारावर? कोर्टाचा कागद आहे ना? सोडा."

मी फोनच्या तोंडाशी वाकलो. "साहेब, मग तिच्या आईलाही सोडा. तिचंही नाव नाही."

"कोण बोलतंय?"

"मीटरवाला."

"तिला कोर्टानं बोलावलंय का?"

"गुरुवारी बोलावलं होतं."

फोन बंद झाला. रेंज गेली असेल, नाही का?

ताई ठमीला घेऊन जिना उतरली. ठमीच्या पाठीला शाळेचं दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. शेवटच्या पायरीवर ताई थांबली, कारण हवालदार म्हणाला, "बाई, तुम्ही तिथंच. टेपच्या आत." म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं टेप एका हातानं वर उचलली. पोर उंचीनं लहान, तिला फारसं वाकावंही लागलं नाही.

"चौदा झाले का, आई?"

"नाही गं."

"मग मामा म्हणाला होता, शिक्का आहे तोवर जायचं नाही."

बेलीफ कागदाची घडी घालत बसला. तीन घड्यांचा कागद, त्याला किती वेळ लागावा?

"रात्री दिवा चालू ठेवा तिचा," ताई नवऱ्याला म्हणाली. दोन वर्षांत त्याच्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. "आणि नखं खाते ती. ओरडू नका. हात नुसता बाजूला करायचा."

दाजींनी रुमालावर सॅनिटायझर ओतलं आणि ठमीचं मनगट घासलं. शाई निघेना. आपल्या खात्याची शाई चांगली आहे, साहेब, पहिल्यांदाच कुठलीतरी वस्तू दर्जेदार आली होती. मग त्यांनी तिच्या फ्रॉकची बाही ओढून मनगट झाकलं आणि तिला गाडीत बसवलं.

संध्याकाळी हवालदारानं आवाज दिला. दुसरा मजला डावं. ताई खिडकीत आली. त्यानं वहीत 'एक' लिहिलं आणि पेन खिशात टाकलं.

ताईनं उरलेले दिवस काढले. सातही बिऱ्हाडांत रंगाऱ्याशिवाय कुणाला शिंकही आली नाही. रंगारी ताईच्या चार दिवस आधी बरा होऊन उपचार केंद्रातून सुटला आणि कामालाही लागला. पंधराव्या दिवशी सकाळी मी स्वतः कागद ओरबाडून काढला. ताई चप्पल घालून तशीच निघाली, मी मागोमाग. दाजींनी दार किलकिलं केलं, साखळी न काढता.

"तू त्या बंद इमारतीतून आलीस. पोरीला काही झालं म्हणजे? आधी तुझा दाखला आण."

दाखला! मला हसू फुटलं, साहेब. त्या जिन्यात मी वेड्यासारखा हसलो. ताई नाही हसली. ती साखळीच्या फटीतून आत बघत होती आणि आत फक्त कपाट दिसत होतं.

आता वकीलबाई सांगतात की दाजींचा वकील पुढच्या तारखेला म्हणणार, मुलगी तिकडे रुळली आहे, शाळा बदलली आहे, आता तिला हलवू नका. न्यायाधीशांना ते पटू शकतं. आठ आठवडे लहान पोराला पुष्कळ असतात.

आणि ह्या सगळ्यातून तुमच्या ऑफिसातून एकच कागद बरोबर नावानं निघाला. तो मला आला. कारणे दाखवा नोटीस. खात्याचा शिक्का परवानगीशिवाय न्यायालयात का नेला, खुलासा करा. त्यावर माझं पूर्ण नाव आहे, वडिलांचं नाव, आडनाव, कर्मचारी क्रमांक, घरचा पत्ता. एक काना चुकलेला नाही. म्हणजे नाव घालता येतं तर.

माझा खुलासा हाच. मी सातचा आकडा दिला, तो चुकीचा दिला, चूक लक्षात आल्यावर त्याच दिवशी सांगितली. शिक्का कोर्टात नेला, पुन्हा नेईन. नोकरी घ्यायची तर घ्या.

आता तुमचा खुलासा द्या. आठ वर्षांची मुलगी आठ दिवस त्या टेपच्या आत होती, हवालदाराच्या वहीत तिची दोन वेळची मोजणी आहे. ती तुमच्या आदेशात होती की नव्हती? असेल, तर तुम्ही तिला फोनवरून बाहेर कशी काढलीत? नसेल, तर तिची आई गुरुवारी कोर्टात जायला मोकळी होती, हे तिला कुणी का सांगितलं नाही? दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं. कुठलं, ते लिहा. पुढची तारीख एकवीसला आहे. त्याच्या आत लिहा, सही करा, आणि त्या कागदावर माझ्या बहिणीचं नाव घाला.